आप्पा घारापुरीला राहिले

मी माझ्या सासऱ्यांना एकदा समुद्रातल्या एका बेटावर विसरून आलो.

मुद्दाम नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिकत ऐकली की जावई मंडळी माझ्याकडे आदराने बघू लागतात आणि सासरे मंडळी आपली काठी जवळ ओढून घेतात. दोघांचाही गैरसमज होतो. मी विसरलो तो निव्वळ बावळटपणाने. त्यात शौर्याचा भाग काडीचाही नव्हता.

गोष्ट जुनी, राणीच्या राज्यातली. तेव्हा मी गोदीवरच्या एका कचेरीत कारकून होतो आणि गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दीड खोलीत राहत होतो. घरात मी, माझी आई आणि नुकतीच संसाराला आलेली माझी बायको. तिला येऊन चार महिने होतात न होतात तोच साताऱ्याहून सासऱ्यांचे पत्र आले. ‘मुलीचे कसे काय चालले आहे ते पाहण्यास येत आहे. व्यवस्था समाधानकारक न वाटल्यास तिला सोबत घेऊन परतेन.’

आमचे सासरे म्हणजे आप्पा. मामलेदार कचेरीत जन्मभर शिरस्तेदारी करून पेन्शनीत निघालेले. सरकारने त्यांना पेन्शन दिली, पण शिरस्तेदारी काही काढून घेतली नाही! घरात पाऊल टाकले, पाय धुतले आणि लगेच चौकशीला बसले.

“वामनराव, ही खोली झाली. बाकीचं घर कुठे आहे?”

“एवढंच आहे, आप्पा.”

“आणि ही भिंत हलते कशी?”

“पलीकडे शेजारी पाठ टेकून बसले की...”

“म्हणजे भिंत तुमची की शेजाऱ्यांच्या पाठीची?”

आप्पांच्या पुढ्यात कुणाचेही वाक्य पुरे होत नसे. मी नुसते ‘आप्पा, मला असं वाटतं’ एवढे म्हटले की ते म्हणत, “का वाटतं?” झाले! मग मला काय वाटत होते तेच मी विसरून जाई. आठ दिवस हे चालले. त्या आठ दिवसांत मी त्यांना मुंबादेवी दाखवली, वाळकेश्वर दाखवले, राणीच्या बागेत नेले. प्रत्येक ठिकाणी ते दोन घटका उभे राहत आणि म्हणत, “ठीक आहे. पण साताऱ्याला याहून बरं आहे.” (साताऱ्याला समुद्रही याहून बरा आहे असे म्हणायला त्यांनी कमी केले नसते.)

शेवटी त्यांनी निकाल दिला. “येत्या गुरुवारी मी यमूला घेऊन निघतो. तुम्ही नीट जागा बघा, मग पुढचं पाहू.”

आत चुलीपाशी बायकोचा हात थांबला. ती बोलली काहीच नाही. तेव्हाच्या मुली बोलत नसत. पण त्या दिवशीची आमटी एवढी खारट झाली की ती नुसत्या मिठाने झाली असे मला आजही वाटत नाही. आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेचा अर्थ सरळ होता : बाप्या ना तू? मग काहीतरी कर!

मी केले. मी म्हणालो, “आप्पा, जाण्यापूर्वी एकदा घारापुरीची लेणी पाहून घ्या. मी तर नेहमी जातो तिथे!”

मी जन्मात घारापुरीला गेलो नव्हतो.

“समुद्रातून जायचं?” आप्पा दचकले. “समुद्र ओलांडणं शास्त्राला मान्य नाही.”

“तो समुद्र नाही, आप्पा. खाडी आहे.”

“पलीकडे काय दिसतं?”

“जमीन.”

“मग ठीक आहे,” आप्पा म्हणाले. आयुष्यात प्रथमच माझे एक म्हणणे त्यांना पटले होते. मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी म्हणालो, “तिथे एक प्रचंड दगडी हत्ती आहे. तो तुम्हाला दाखवतो!”

हत्तीचे मी कचेरीतल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचले होते. दोन दिवस मी ते पुस्तक पाठ केले. उठताबसता मूर्तींची नावे पुटपुटत होतो. आईला वाटले, मुलगा अखेर देवाकडे लागला.

रविवारी दिवस उगवायच्या सुमारास आम्ही माझगावच्या बंदरावर पोहोचलो. तिथल्या कोळीवाड्यातल्या लखमा नाखवाची शिडाची होडी ठरवली होती. लखमा म्हणजे उन्हापाण्याने काळाकुळकुळीत झालेला, साठीचा, पण खांबासारखा ताठ कोळी. त्याने बायकांना मागे सुकाणूजवळ बसवले, आम्हा पुरुषांना पुढे नाळेपाशी. मधे शीड. म्हणजे मागच्यांना पुढचे दिसत नव्हते आणि पुढच्यांना मागचे. विहीण-व्याह्यांच्या मर्यादेच्या दृष्टीने ही सोय आप्पांना फार आवडली. पुढचा सगळा अनर्थ याच सोयीमुळे झाला.

होडी निघाली. मागे परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी धूर सोडत उभी होती. मी ऐटीत बोट दाखवून एकेका गिरणीचे नाव सांगू लागलो.

“रावसाहेब,” लखमा मागून ओरडला, “ती गिरन नाय! तो चुनाभट्टीचा धूर हाय. माजा भाव गिरनीत हाय, मना ठाव हाय.”

आप्पांनी माझ्याकडे बघितले. मी समुद्राकडे बघितले.

बेटावर उतरल्यावर आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, “हत्ती?”

मी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. पुस्तकाप्रमाणे हत्ती धक्क्यापासून जवळच असायला हवा होता. मी एका झाडामागे जाऊन पाहिले. (प्रचंड दगडी हत्ती झाडामागे का लपेल, हे मला आजही सांगता येणार नाही.)

“हत्ती बगताव?” लखमा म्हणाला. “तो कवाच मोडला! सायबांनी उचलाया घेतला न् पडला. आता त्याचं धोंडं राणीच्या बागंत पडलंत.”

आप्पा माझ्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, “वामनराव, परवा राणीच्या बागेत आपण ज्या धोंड्यांवर बसून केळी खाल्ली, तेच का हे?”

तेच असावेत. मी ‘पायऱ्या फार आहेत, हळू चला’ म्हणून विषय वर ढकलला.

चैत्राचे ऊन होते. पायऱ्या चढता चढता आप्पांनी शाल काढून माझ्या हाती दिली, पुढच्या वळणावर पगडी काढून दिली. वर पोहोचेपर्यंत मी खुंटीसारखा दिसत होतो. पण लेण्यात शिरलो आणि आम्ही सगळेच गप्प झालो. त्या काळोख्या गारव्यात ते तीन तोंडांचे विराट रूप डोळे मिटून उभे होते. आईने पदर पुढे घेतला. आप्पांचे हात आपोआप जुळले. ‘साताऱ्याला याहून बरं आहे’ हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंतसुद्धा आले नाही! त्याच वेळी मी तोंड मिटून उभा राहिलो असतो, तर ही गोष्ट इथेच गोड संपली असती.

पण मी पुस्तक पाठ केले होते ना!

“आणि इकडे पाहा,” मी शेजारच्या मूर्तीकडे वळून म्हणालो, “ही पूर्वीची एक लढवय्यी राणी आहे. हिच्या राज्यात फक्त बायकाच लढाई करत.”

“कोण?” आप्पा म्हणाले.

“लढवय्यी राणी. पुस्तकात तसं...”

“वामनराव, हा अर्धनारीनटेश्वर आहे.”

“पण त्या साहेबानं लिहिलंय...”

“अर्धं अंग शंकराचं, अर्धं पार्वतीचं. मागे नंदी दिसतो का? लढवय्या राण्या नंदी घेऊन हिंडतात का? तुमची मुंज कुणी लावली होती?”

“वडिलांनी.”

“वाया गेली!”

त्यांचा आवाज लेण्यात तीनदा घुमला. ‘वाया गेली, वाया गेली, वाया गेली.’ खांबाआड बायको उभी होती. तिने खाली मान घातली आणि मला कळले, की गुरुवार आता पक्का झाला. आप्पा तरातरा बाजूच्या अंगणातल्या छोट्या देवघराकडे निघाले. जाताना म्हणाले, “मी जपाला बसतो. साहेबाचं पुस्तक वाचलेल्या माणसानं मला हाक मारू नये.”

मी हाक मारली नाही. एवढी एकच आज्ञा मी त्या दिवशी तंतोतंत पाळली.

मी एका खांबाला टेकून बसलो आणि नशिबाचा विचार करता करता माझा डोळा लागला. जाग आली ती लखमाच्या आरोळीने. “ओ रावसाहेब! पानी उतरताय! बिगीन चला, नायतर होरी चिखलात बसंल!”

आता आमच्या घोटाळ्याची जुळणी पाहा. मी झोपलेलो असताना आई माझ्याजवळची आप्पांची शाल-पगडी उचलून पायथ्याशी उतरली होती. गावातल्या एका बाईकडून तिने लोणच्यासाठी टोपलीभर कैऱ्या घेतल्या. टोपली चांगली कमरेएवढी उंच. कैऱ्यांना खारे पाणी लागू नये म्हणून तिने ती होडीच्या पुढच्या भागात ठेवून वरून आप्पांची शाल गुंडाळली आणि आप्पांची पगडी चेपू नये म्हणून (व्याह्यांची पगडी! तिला जपायला नको?) ती अलगद शालीच्या टोकावर ठेवली. मग ती आणि बायको मागे जाऊन बसल्या. आप्पांना आणायला वामन वर आहेच, असे त्या दोघी समजल्या.

आणि वामन? वामन धापा टाकत खाली आला, होडीत उडी मारली आणि पाहतो तर नाळेपाशी शाल पांघरून, पगडी घालून आप्पा पाठमोरे बसलेले! रागाने जरा गोल झालेले, पण आप्पाच!

“सगळी आली काय?” लखमाने विचारले.

“आली, आली! सोड!” मी म्हणालो.

वारा चांगला होता. होडी सुरेख चालली होती. समोरून साहेब-मडमांनी भरलेली एक वाफेची लाँच छत्र्या मिरवत बेटाकडे जाताना दिसली. विलायतेहून सहलीला निघालेली मोठी आगबोट दोन दिवस बंदरात उभी होती, तिचीच ही मंडळी. मी आप्पांना म्हणालो, “पाहिलंत? सातासमुद्रापलीकडून येतात लोक!”

आप्पा काही बोलले नाहीत.

‘का येतात’ म्हणून विचारले नाही! मला धीर आला. वाटले, रागाचा भर ओसरला असेल, आता बोलावे. त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायची छाती नव्हती, म्हणून मी जरा मागेच सरकून बसलो आणि सुरुवात केली.

“आप्पा, मी चुकलो. मला काही येत नाही. मी यापूर्वी घारापुरीला आलोसुद्धा नव्हतो.”

शांतता. केवढे मोठे मन!

“आप्पा, तुम्ही यमूला घेऊन जाऊ नका. खोली लहान आहे, खरं आहे. भिंत हलते, तेही खरं. पण ती यायच्या आधी मी कचेरी सुटल्यावर उगाच दोन तास चौपाटीवर बसून राहत असे, कारण घरी जावंसं वाटत नसे. आता मी जिना धावत चढतो. परवा पडलो. गुडघा फुटला. कुणाला सांगितलं नाही. ती माझ्याशी फारशी बोलत नाही, मीही बोलत नाही, आई असते ना. पण ती भाकरी थापताना बांगड्या वाजतात, ते गॅलरीत बसून ऐकतो. ती गेली तर मी ऐकू काय, आप्पा? शेजाऱ्यांची पाठ?”

एवढे लांबलचक भाषण मी जन्मात केले नव्हते. आणि आप्पांनी एका शब्दाने मला अडवले नाही! होडीच्या हेलकाव्याने त्यांची पगडी मात्र मधून मधून हलत होती. म्हणजे ते मान डोलावत होते! माझे डोळे भरून आले. मी पुढे सरकलो, गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांवर हात ठेवले.

पाय नव्हते.

कैऱ्या होत्या.

दोन कैऱ्या माझ्या हाती आल्या, बाकीच्या होडीभर गडगडत सुटल्या आणि पगडी माझ्या मांडीवर येऊन बसली. मी किंचाळलो. मागून आई ओरडली, “काय झालं रे?”

“आई, आप्पांच्या कैऱ्या झाल्या!”

शिडाखालून वाकून तीन तोंडे माझ्याकडे पाहू लागली. बायकोने रिकामी शाल पाहिली, माझ्या मांडीवरची पगडी पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. “अहो... आप्पा कुठे आहेत?” सासरी आल्यापासून चारचौघांत ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य!

“नाखवा, होडी फिरव!”

“फिरव?” लखमाने हात जोडले. “वारा समोरनं, वहोटीचं पानी! रावसाहेब, होरी हाय ही, बैलगारी नाय!” पण बायकोचे डोळे पाहिले आणि तो मुकाट्याने शीड वळवू लागला. “आन तवा ‘आली आली’ कोन बोलला?” एवढेच पुटपुटला.

जे अंतर आम्ही पाऊण तासात आलो होतो, त्याला परत जायला दोन तास लागले. वाटेत ती साहेबांची लाँच दूरवरून परत जाताना दिसली. तिच्यात मोठी टोपी घातलेला, पांढऱ्या कपड्यातला एक साहेब उभा राहून आमच्याकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. काहीतरी ओरडतही होता. एवढ्या संकटातही मला वाटले, किती मोकळ्या मनाचे लोक! परमुलखातल्या माणसाला उगाच वाईट वाटू नये म्हणून मीही उभा राहिलो आणि त्याला लवून सलाम केला.

बेटापाशी पोहोचलो तर पाणी पार आटलेले. धक्का तिकडे, होडी इकडे, मधे चिखल. मी उडी मारली आणि मांडीपर्यंत आत गेलो. एक पाय वर आला, त्यात पुणेरी जोडा नव्हता. दुसरा आला, त्यातही नव्हता. धोतराचा सोगा चिखलाने धरून ठेवला, तो तिथेच सोडून मी किनारा गाठला आणि पायऱ्या चढलो. देवघर रिकामे! लेणे रिकामे! “आप्पा!” म्हणून हाक मारली, तर लेण्याने तीनदा ‘आप्पा’ म्हणून मलाच हाक मारली.

लेण्यांच्या देखरेखीला एक म्हातारा गोरा शिपाई असे. तो ओसरीवर चिलीम ओढत बसला होता. माझा चिखलात बुडालेला अवतार पाहून तो जरा मागे सरला.

“साहेब, एक बुढ्ढा आदमी देखा? नंगा सिर?”

“बुढ्ढा?” साहेब म्हणाला. “बुढ्ढा गया.”

“गया? कहां गया?”

त्याने चिलीम उचलली आणि समुद्राकडे दाखवली. “समंदर में.”

“कब?”

“एक घंटा हुआ.” मग माझे तोंड पाहून, धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, “रोने का नहीं. बहुत खुशी से गया.”

बहुत खुशी से! माझ्यासारखा जावई मिळाल्यावर माणूस दुसरे काय करणार? मी तिथेच पायरीवर बसलो. साताऱ्याहून सुखरूप आलेला, शास्त्राप्रमाणे समुद्राला भिणारा माणूस, आणि मी त्याला खाडी आहे म्हणून आणला! हे आता तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

खाली उतरून होडीजवळ आलो, तर बायको काठाला धरून वाकून उभी होती. “भेटले?”

मला ‘गेले’ हा शब्द उच्चारवेना. मी म्हणालो, “आप्पा... पुढे गेले.”

“पुढे गेले?” तिने सुटकेचा श्वास टाकला. “अगंबाई, बरं झालं! त्या लाँचमधून का?”

मला हुंदका आला. मी मान हलवली. ती ‘हो’ म्हणून हलली की ‘नाही’ म्हणून, मला माहीत नाही.

आई मात्र सगळे समजली. (म्हणजे चुकीचे समजली, पण माझ्यासारखेच चुकीचे.) तिने तोंडाला पदर लावला. लखमाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. भरती लागली आणि होडी निघाली. सबंध वाटभर आई रडत होती, मी रडत होतो, लखमा नाक ओढत होता आणि बायको एकटीच कैऱ्या वेचून टोपलीत भरत आम्हाला समजावत होती. “अहो, एवढं काय त्यात? रागावले असतील, पण त्यांचा राग फार वेळ टिकत नाही. घरी गेल्यावर मी बोलते त्यांच्याशी.”

ती जितके समजावी तितका मी जोरात रडे.

माझगावला उतरून भाड्याची गाडी केली. गिरगावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. चाळीच्या दारात ही गर्दी! दोन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी ओसंडत होत्या. बातमी आली होती! मी गाडीतून उतरलो आणि समोर शेजारचे दामूअण्णा दिसताच त्यांच्या गळ्यात पडलो. “दामूअण्णा, आमचे आप्पा गेले हो!”

“कुठे गेले?” दामूअण्णा म्हणाले. “आत्ता तर वर बसले होते!”

मी वर पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर, धोतर, उपरणे आणि डोक्यावर साहेबाची भली मोठी सोला टोपी घालून आप्पा बसले होते!

“या, वामनराव!” ते वरून गरजले. “मी समुद्रातून हात हलवून घसा फोडून ओरडतो आहे, आणि तुम्ही मला सलाम करता?”

मी खाली पायरीवर बसलो आणि हसायचे की रडायचे हे न ठरल्यामुळे दोन्ही करू लागलो. बायको माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे तुम्ही सगळी वाटभर...” तिला आता उलगडा झाला आणि तिचेही डोळे भरले. मग ती जिना धावत चढून गेली.

मी वर गेल्यावर कळलेली आप्पांची हकिकत अशी. जप आटोपून त्यांनी डोळे उघडले तर समोर सात-आठ साहेब-मडमा जमिनीवर मांड्या घालून चिडीचूप बसलेल्या. उघड्या डोक्याचा, रागाने लाल झालेला हा म्हातारा म्हणजे त्या लेण्यातला कुणी प्राचीन तपस्वी, अशी त्यांची खात्री झाली होती! त्यांच्याबरोबर एक मराठी जाणणारा दुभाषी होता. त्याने विचारले, या मूर्ती कुणाच्या? झाले. आप्पांनी सगळ्या लेण्यातून त्यांना फिरवले आणि शिवपुराण सांगितले.

“तासभर बोलत होतो,” आप्पा म्हणाले, “पण एकानंसुद्धा मधे तोंड घातलं नाही. वह्यांत लिहून घेत होते! त्या अर्धनारीनटेश्वरापुढे तर एक मडम रडली.” मग त्या मडमेनेच ऊन लागू नये म्हणून आप्पांच्या डोक्यावर टोपी ठेवली, फोटो काढला, लाँचमधून पालव्याच्या बंदरावर आणले आणि बग्गीतून थेट चाळीच्या दारात सोडले.

“बरं,” आप्पांनी एकदम शिरस्तेदारी आवाज काढला. “मी होडीत नाही हे आपल्याला केव्हा कळलं?”

“अर्ध्या वाटेत.”

“तोवर काय करत होता?”

“तुमच्याशी बोलत होतो,” मी म्हणालो. चाळ हसली. मी कैऱ्यांची गोष्ट सांगितली. चाळ गडगडाट करून हसली. आप्पा हसले नाहीत. “काय बोललात?” त्यांनी विचारले.

मी पायांचा चिखल पुसू लागलो. तेव्हा दाराआडून, खाली बघत, बायको म्हणाली, “मी सांगते. शिडामागून मला सगळं ऐकू येत होतं.”

आणि तिने सांगितले! चौपाटी, जिना, गुडघा, बांगड्या. एक शब्द गाळला नाही. एवढ्या लोकांत माझी लाज वाटून मी भिंतीकडे तोंड केले. (भिंत हलत होती. पलीकडून शेजारी कान लावून होते.) मधेच आप्पा म्हणाले, “गुडघा दाखवा.” मी दाखवला. त्यांनी नीट वाकून पाहिला.

मग टोपी काढून मांडीवर ठेवली. “यमू इथेच राहील,” ते म्हणाले.

आईने पटकन देवापुढे साखर ठेवली. आत बांगड्या वाजल्या. मी वाकून आप्पांच्या पायांना हात लावला. या वेळी पाय होते!

इथे मी उठून निघून जायला हवे होते. पण मला उमाळा आला. मी म्हणालो, “आप्पा, आता आलाच आहात तर तुम्हीही राहा ना चार दिवस!”

आप्पांनी जन्मात दुसऱ्यांदा माझे म्हणणे मान्य केले. ते दिवाळीपर्यंत राहिले! रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत त्यांचे पुराण सुरू झाले. फणसवाडीहून, ठाकूरद्वाराहून माणसे येऊ लागली. साहेबांना उपदेश केलेले गिरगावचे आप्पा म्हणून त्यांची कीर्ती झाली. दीड खोलीत आई, यमू आणि पुराणाला आलेल्या बायका. गॅलरीत आप्पा आणि श्रोते. आणि मी, ज्याच्या नावावर ती खोली, तो जिन्याच्या पायरीवर सतरंजी टाकून. येणारे-जाणारे मला ओलांडून जात. कुणी विचारलेच तर दामूअण्णा सांगत, “हे? हे आप्पांचे जावई. नाव काय बरं यांचं?”

भाद्रपदात माझ्या कचेरीतून माझ्या बढतीचे पत्र आले. ते घेऊन पोस्टमन जिना चढला, मला ओलांडून वर गेला, आप्पांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “महाराज, या नावाचा कुणी माणूस इथे राहतो का हो?”

आप्पांनी पत्र हातात घेऊन नाव दोनदा वाचले आणि म्हणाले, “राहतो. आमच्याकडेच असतो.”